हेल्मीताईंचं जलदान

आमच्या तात्यांनी चौतीस वर्षं पूर्णा जंक्शनवर पॉइंट्समन म्हणून नोकरी केली. येणाऱ्या गाडीसाठी रूळ बदलून द्यायचे, हे त्यांचं काम. गाड्या नांदेडकडं गेल्या, परभणीकडं गेल्या, अकोल्याकडं गेल्या. तात्या कुठंच गेले नाहीत. रिटायर झाल्यावरही ते रोज सकाळी स्टेशनवर जाऊन बसायचे आणि गाड्या नीट चालल्यात का ते बघायचे. गाड्या त्यांच्यावाचूनही नीट चालायच्या. याचं त्यांना फार वाईट वाटायचं.

तात्या म्हणजे तात्याराव, माझे सख्खे चुलते. त्यांची मुलगी नीलम नागपूरला नर्स आहे. बाप प्लॅटफॉर्मवर बसून वाळायला लागलाय हे ऐकून तिनं एक वेबसाइट शोधली. तिथं नाव घातलं की जगातल्या कुठल्यातरी अनोळखी माणसाचा पत्ता मिळतो. त्याला आपण चित्राचं पोस्टकार्ड पाठवायचं. ते पोचलं की कुणीतरी तिसराच माणूस आपल्याला पाठवतो. म्हणजे ज्याला आपण पाठवलं तो आपल्याला पाठवत नाही, आणि जो आपल्याला पाठवतो त्याला आपण काही दिलेलं नसतं. नीलमनं हे फोनवर तीनदा समजावलं. चौथ्यांदा सुलाकाकू, म्हणजे तात्यांची बायको, म्हणाल्या, "कळलं की माय. लग्नातल्या आहेराचं बी असंच असतंय."

अडचण एकच होती. पूर्णेचं चित्र असलेलं पोस्टकार्ड जगात कुठंच मिळत नाही. पूर्णेत तर नाहीच. पण माझं बसस्टँडसमोर फ्लेक्सचं दुकान आहे, आणि दुकानात सिद्धोधनची चारशे ऐंशी कार्डं पडून होती. सिद्धोधन आमच्या गल्लीतला भावी नगरसेवक. तो सतरा वर्षांपासून भावी आहे. स्वतःच्या वाढदिवसाला त्यानं पाचशे रंगीत कार्डं छापून घेतली होती. वीस वाटून झाली आणि त्याला पक्ष बदलावा लागला. कार्डावर तो जुन्या पक्षाचा गमछा घालून हात जोडून उभा होता, त्यामुळं उरलेली वाटता येईनात. मागची बाजू मात्र कोरी होती.

"कोरी हाय ना? मग वाया कामून घालायची," तात्या म्हणाले आणि गठ्ठा घरी घेऊन गेले.

अशा रीतीनं सिद्धोधन पोर्तुगालला पोचला, पोलंडला पोचला, ब्राझीलला पोचला. तैवानच्या एका मुलीनं वेबसाइटवरून विचारलं, हे तुमचे राजे आहेत का? तात्यांनी लिहिलं, "नॉट येट."

तात्यांचं इंग्रजी रेल्वेचं. कंट्रोलला निरोप द्यायचं इंग्रजी त्यांना चांगलं यायचं, बाकीचं त्यांना लागलं नव्हतं. त्यामुळं त्यांची सगळी कार्डं सारखीच असायची. "युवर कार्ड रिसीव्हड इन गुड कंडिशन. वेदर नॉर्मल. नथिंग टू रिपोर्ट." बहुतेक लोक एवढ्यावर थांबायचे. हेल्मीताई थांबल्या नाहीत.

हेल्मी लाइतिनेन, वय एकोणऐंशी, राहणार फिनलंड. त्यांनी वेबसाइटला बाजूला सारून थेट तात्यांनाच लिहायला सुरुवात केली. तुमच्याकडं काहीच घडत नाही हे वाचून बरं वाटलं, त्यांनी लिहिलं, माझ्याकडंही घडत नाही. मग दर तीन-चार आठवड्यांनी कार्ड यायला लागलं. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, एक मांजर, तेही फिरतीवर. तात्या ती कार्डं स्टेशनवर नेऊन वाचायचे. एका कार्डात हेल्मीताईंनी विचारलं की तुमच्या देशात पोस्टाच्या काही खास चालीरीती आहेत का. तात्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा कार्डाची मागची बाजू पूर्ण भरली.

"आलं का तुमच्या फिनलंडवालीचं?" सुलाकाकू विचारायच्या.

"वय बगा तिचं."

"वय तुमचं बी बगतीय मी."

आता भांडणाचं सांगतो. हेल्मीताईंच्या प्रत्येक कार्डावर एकच चित्र असायचं. तळं. त्याच तळ्याचा तोच फोटो, डावीकडं तीन झाडं, उजवीकडं एक होडी. तात्यांनी मला शोधायला लावलं तेव्हा कळलं की फिनलंडात एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार तळी आहेत. तात्या दोन दिवस अस्वस्थ होते. एक लाख अठ्ठ्याऐंशी हजारांतून बाईनं एकच धरलंय, हे त्यांच्या मनातून जाईना. अकरावं तळं आलं तेव्हा त्यांनी लिहिलं, "सेम लेक रिसीव्हड इलेव्हन टाइम्स. किंडली स्टॉप. सेंड अदर आयटम."

मी म्हटलं, तात्या, जरा कडक होतंय. ते म्हणाले, "किंडली घातलंय की."

त्यानंतर सव्वादोन महिने काहीच आलं नाही.

मग एका मंगळवारी लिंबाजी पोस्टमन आला. लिंबाजी रोज आत येऊन खुर्चीत बसतो, चहा पितो, आणि कार्डावर काय लिहिलंय ते तात्यांच्या आधी सांगतो. त्या दिवशी तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. टोपी काढून हातात घेतली होती.

"तात्या, भाईर या. चष्मा घेऊन या."

"आत ये की लिंबाजी, च्या ठेवलाय."

"न्हाई. तुमीच या."

तात्या बाहेर गेले. मीही गेलो. लिंबाजीनं कार्ड दोन बोटांत धरलं होतं. खालचा उजवा कोपरा फाटलेला होता.

नवीन पिढीला हे सांगावं लागेल. मोबाइल नव्हते तेव्हा आमच्याकडं मयताची खबर पोस्टकार्डानं यायची आणि त्या कार्डाचा एक कोपरा फाडलेला असायचा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही लांबून कळावं म्हणून. ते कार्ड घरात न्यायचं नाही, बाहेर उभ्यानं वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. गेल्या वीस वर्षांत असं कार्ड गल्लीत आलं नव्हतं. आता माणूस गेलं की ग्रुपवर येतं आणि खाली चाळीस जण हात जोडतात, त्यात एखादा चुकून अंगठा दाखवतो.

तात्यांनी कार्ड हातात घेतलं. मजकूर भिजून निळा झाला होता. "डिअर मिस्टर तात्याराव" एवढं वाचता येत होतं, पुढं एका ठिकाणी "लेक" असावं असं वाटत होतं, बाकी नुसती शाई. सही असते तो कोपराच नव्हता. उलटून बघितलं. चित्रात या खेपेला तळं नव्हतं. बर्फ होता आणि बर्फात एक बाकडं.

"बाकडं बी रिकामंच हाय," लिंबाजी हळूच म्हणाला.

मी म्हटलं, "तात्या, तिकडं असली पद्धत नसते. फाटला असंल कुठंतरी."

"मीच कळवली होती तिला पद्धत," तात्या म्हणाले. "चालीरीती इचारल्या व्हत्या ना तिनं. मी कोपऱ्याचं लिव्हलं. तिनं शेजाऱ्याला सांगून ठेवलं असंल, मी गेले तर पूर्णेला कोपरा फाडून कळवा मून."

एवढी शिस्तशीर बाई रेल्वेतसुद्धा निघाली नसती.

आम्ही बौद्ध, आमच्यात सुतक पाळत नाहीत, त्यामुळं आंघोळीचा प्रश्न नव्हता. पण कोपरा म्हणजे कोपरा. कार्ड फाडायला तात्यांचा हात होईना आणि घरात न्यायला पाय होईना. शेवटी ते माझ्या मोटारसायकलच्या डिकीत ठेवलं. पुढचे दीड महिने मी हेल्मीताईंना घेऊन पूर्णाभर फिरत होतो.

वेबसाइटवर बघितलं तर हेल्मीताई शेवटचं एकसष्ट दिवसांपूर्वी दिसल्या होत्या. मी निरोप टाकला. उत्तर नाही. त्यांच्या नावापुढं फोटो होता तो मांजराचा.

तात्या स्टेशनवर जायचे बंद झाले. ताटावर बसायचे, अर्धी भाकरी मोडायचे, आणि म्हणायचे, "किंडली स्टॉप लिव्हलं मी. आन् ती थांबली."

"तुमच्या लिव्हण्यानं कुणी मरतंय का?" सुलाकाकू म्हणायच्या. "तसं असतं तर तुमच्या बदलीच्या अर्जानं निम्मं रेल्वे हापिस गेलं असतं."

"मरायचं सोड. पण शेवटचं काय बोललो मी तिला? चित्र बदल मून. एकटी बाई, तिच्याजवळ एकच तळं."

आठ दिवस असंच चाललं. नवव्या दिवशी काकू माझ्या दुकानात आल्या. फ्लेक्सचे दर विचारायला आलेल्या माणसाला त्यांनी नजरेनंच बाहेर काढलं.

"भूषण, त्या बाईचं जलदान करू." माणूस गेल्यावर आमच्यात करतात तो हा विधी.

"काकू, ती फिनलंडची आहे. ती ख्रिश्चन असणार."

"असू दे. तिचं तिकडच्यानी केलं असंल न्हाईतर नसंल. आपलं आपण करू. ह्यांला कुठंतरी तिचं नाव मोठ्यानं घेऊ दे, चार माणसांत. न्हाईतर हे असंच भाकरी मोडत बसतेल."

मी बॅनर केला. "कालकथित हेल्मीताई लाइतिनेन यांचा जलदान विधी व पुण्यानुमोदन कार्यक्रम." फोटो म्हणून मांजर लावायचं की काय यावर चर्चा झाली. काकू म्हणाल्या, मांजराला हार घातला तर लोक आपल्याला काय म्हणतील. म्हणून मी अकराव्या कार्डावरचं तळं दोन बाय तीन फूट मोठं करून फ्रेममध्ये घातलं.

रविवारी सकाळी विहारात साठेक माणसं जमली, पांढरे कपडे घालून. त्यातली चाळीस कोण वारलं ते विचारायला आली होती. विधी चालवणारे बौद्धाचार्य धम्मदीप वही उघडून बसले.

"मयताचं पूर्ण नाव?"

"हेल्मी लाइतिनेन," तात्या म्हणाले.

"गाव?"

"फिनलंड."

"तालुका?"

"तालुका न्हाई त्याहिला."

धम्मदीपांनी तालुक्यापुढं आडवी रेघ मारली. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढं मेणबत्त्या लावल्या. तळ्याला हार घातला. त्रिशरण-पंचशील झालं. मग दोन मिनिटं सगळे उभे राहिले. गल्लीतल्या बायनाबाई मावशींचे गुडघे गेलेले आहेत, तरी त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि हळूच मला म्हणाल्या, "कुणाची रे ही?" मी म्हटलं, "आपलीच."

सिद्धोधनचं भाषण पंचवीस मिनिटं चाललं. त्यातली दोन वाक्यं हेल्मीताईंबद्दल होती. एकात त्यानं त्यांचा देश पोलंड सांगितला. बाकीची वॉर्डातल्या नाल्यांबद्दल होती.

मग धम्मदीप म्हणाले, "तात्या, दोन शब्द बोला."

तात्या उठले. तळ्याकडं बघितलं. माइक हातात घेतला, त्यावर दोनदा फुंकर मारली. तात्या म्हणाले, "हेल्मीताई," आणि नंतर काहीच म्हणाले नाहीत. मिनिटभर तसेच उभे होते. मग माइक परत दिला आणि खाली बसले. सुलाकाकूंनी शेजारी सरकून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आमच्याकडं नवरा-बायको चारचौघांत असं करत नाहीत, त्यामुळं सगळ्यांनी छताकडं बघितलं.

वरण-भात आणि बुंदी झाली. संध्याकाळी तात्यांनी पत्र लिहिलं. वर "हेल्मी यांच्या घरच्या लोकांस" असं इंग्रजीत. आत लिहिलं की कोपरा फाटलेलं कार्ड पोचलं, आम्ही इथं कार्यक्रम केला, साठ माणसं होती, फोटो सोबत जोडला आहे. शेवटी लिहिलं, "माझ्या शेवटच्या कार्डाबद्दल मला माफ करावं. तळं चांगलं होतं." जेवणात दोन भाकरी खाल्ल्या. काकूंचं म्हणणं बरोबर निघालं. पण स्टेशनवर मात्र ते गेले नाहीत.

तेहतीस दिवसांनी लिंबाजी आला. हातात पाकीट होतं. उंबऱ्यावर उभं राहून त्यानं पाकिटाचे चारही कोपरे बोटानं दाखवले आणि मगच आत येऊन खुर्चीत बसला.

"वाच," तात्या मला म्हणाले. त्यांना स्वतःला उघडवेना.

मी उघडलं. अक्षर ओळखीचं होतं. ते तात्यांनाही लांबून दिसलं असावं, कारण ते एकदम उठून उभे राहिले. मी वाचत गेलो आणि मराठीत सांगत गेलो.

"प्रिय मिस्टर तात्याराव. घरच्या लोकांच्या नावानं पत्र आलं. घरात मीच असते, म्हणून मी उघडलं. मी जिवंत आहे. तुम्हाला तसदी झाली त्याबद्दल दिलगीर आहे."

"जित्ती हाय?" काकू चुलीपुढून ओरडल्या.

"जित्ती हाय म्हणते."

"तिचंच अक्षर हाय का बग नीट."

मी पुढं वाचलं. हेल्मीताईंना तात्यांच्या कार्डाचा राग आला होता, आणि तो राग त्यांनी जपून, रोज थोडा थोडा वाढवला होता. त्यांच्या गावातल्या एकुलत्या एका दुकानात एकच कार्ड मिळतं, तळ्याचं. दुसरं मिळवायला त्यांना दोन बस बदलून शहरात जावं लागलं. त्यावर त्यांनी तात्यांना लिहिलं होतं की तुमचा तो हात जोडलेला माणूस माझ्याकडं नऊ वेळा आलाय, मी एका शब्दानं बोलले नाही. यापुढं आपण न लिहिलेलंच बरं. पाऊस चालू होता. कार्ड पेटीत टाकलं आणि त्याच क्षणी पश्चात्ताप झाला. कार्ड अजून फटीतच होतं, म्हणून त्यांनी कोपरा धरून ओढलं. कोपरा हातात आला. बाकीचं कार्ड पूर्णेला निघून गेलं. नंतर लिहायची लाज वाटली आणि कम्प्युटर उघडायची तर त्याहून जास्त. म्हणून त्यांनी दोन्हीही केलं नाही.



"रागावली व्हती," तात्या म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्यांच्या पेन्शनच्या दिवशीही पाहिलेला नाही. "सुला, ती रागावली व्हती गं नुसती!"

"मग? रागावंल न्हाईतर काय. मी बी रागावले असते. तळ्याला कुणी नावं ठेवतंय का?"

लिंबाजी चहा न पिताच उठला. ही खबर पोचवणं त्याला सरकारी काम वाटलं असावं. दहा मिनिटांत बायनाबाई मावशी दारात हजर. "जित्ती हाय मनं? मग मी दोन मिनिटं कामून उभी ऱ्हायले? आन् माझ्या गुडघ्याचं काय?" सिद्धोधनचा फोन आला की चौकातल्या खांबावर बॅनर अजून आहे, त्यावर प्रमुख उपस्थितीत त्याचं नाव आहे, आणि जिवंत माणसाच्या जलदानाला हजर राहिल्यामुळं काही कायदेशीर अडचण येते का. मी म्हटलं, परदेशी नागरिकाचं असलं तर येत नाही. मी जाऊन बॅनर काढून आणला.

परत आलो तेव्हा तात्या पत्राचं शेवटचं पान हातात धरून बसले होते. ते मी वाचायचं राहिलं होतं. त्यांनी स्वतःच शब्द लावत वाचलं होतं.

हेल्मीताईंनी लिहिलं होतं की फोटो त्यांनी भिंग घेऊन बघितला. साठ नव्हे, एकसष्ट माणसं मोजली. त्यांच्या गावात आता बावीसच माणसं राहतात, त्यामुळं खरोखरीच्या वेळी एवढी जमणं शक्य नाही. हे आधीच होऊन गेलं ते बरं झालं. फक्त त्यांना एक जाणून घ्यायचं होतं. फोटोत पांढऱ्या शर्टातला एक म्हातारा माइक धरून उभा आहे. तो माझ्याबद्दल काय म्हणाला?

"काय कळवू?" तात्यांनी विचारलं.

"लिव्हा, बुंदी चांगली झाली व्हती मून," काकू म्हणाल्या. मग तात्यांकडं बघून त्यांचा आवाज खाली आला. "खरं ते लिव्हा की. मी जाते मागं, भांडी पडलीत." भांडी पडलेली नव्हती. त्यांनी मलाही खुणेनं उठवलं.

मी पायरीवर बसून खिडकीतून बघत होतो. तात्यांनी एक कार्ड घेतलं. सवयीनं "युवर लेटर रिसीव्हड इन गुड कंडिशन" लिहिलं. मग ते खोडलं. त्यांनी लिहिलेलं काही खोडलं हे मी पहिल्यांदाच बघत होतो. रेल्वेत खोडायला परवानगी नसते. खाली त्यांनी जोडून जोडून लिहिलं, आणि मग मला आत बोलावून स्पेलिंग बघायला दिलं. मराठीत सांगायचं तर असं होतं:

"तो म्हातारा मी आहे. मी काही बोललो नाही. मला बोलता आलं नाही. बोलता आलं असतं तर जे बोललो असतो ते आता लिहितो."

कार्डावरची जागा तिथंच संपली होती. तात्यांनी कोपऱ्यात आकडा टाकला, एक, आणि गठ्ठ्यातून दुसरं कार्ड ओढलं.